काका, तो उरलेला बेहडा (एक अनावृत पत्र)

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, त्यामुळे नुसतं काकाच लिहितो. काल रात्री माझ्या चित्रकथेचं शेवटचं, 32वं पान शाई करून झालं. ब्रश धुवायला मोरीपाशी गेलो आणि तुमची इतकी आठवण आली की नळ तसाच वाहत राहिला. आज दुकानातून सुट्टी काढली आणि पहिलं काम म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

कोल्हापुरातल्या तुमच्या काष्ठौषधींच्या दुकानात मी पावसाळ्यात आलो होतो. बगलेत चित्रकथेच्या पानांची रेक्झिनची फाइल होती आणि मला ‘बेहडा नुसता बघायचा’ होता, त्रिफळ्यातलं ते फळ. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. मी मात्र ती दुपार विसरणार नाही.

त्याआधी सव्वा वर्ष ही फाइल घेऊन मी फिरत होतो. एका प्रकाशकांनी बोलता बोलता चहाचा ग्लास सातव्या पानावर ठेवला. उचलला तेव्हा गोल डाग उमटलेला होता, आणि त्यांचं त्याकडे लक्षसुद्धा गेलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणाहून पाकीट परत आलं, त्याला मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. एका अभ्यासकांनी सांगितलं, पुराणातली गोष्ट घ्यायची तर मुकुट काढा, यान कशाला काढताय? सल्ल्याचं मला वाईट वाटलं नाही. पण तो देताना त्यांनी दोन पानांपलीकडे फाइल उलटली नव्हती, त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही हिरड्याची पूड बांधत होतात. मी फाइल पुढे केली तेव्हा तुम्ही आत जाऊन हात धुतलेत, पंच्याला पुसून कोरडे केलेत आणि मग पहिलं पान उचललंत. काठाला धरून. एक बाई त्रिफळा मागत होत्या, त्यांना म्हणालात, ‘जरा बसा ताई, एवढं वाचू द्या.’ आणि उभ्या उभ्या तुम्ही सगळी पानं वाचलीत.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. गुरूचा चंद्र युरोपा. तिथल्या बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. त्याचा शोध घ्यायला युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर 2024 मध्ये निघालंय, 2030 मध्ये गुरूपाशी पोचेल. माझी गोष्ट त्यानंतर दोनशे वर्षांनी घडते. बर्फ खोदणाऱ्या ठाण्यावर एक जुगारी कामगार एकटाच मागे राहिलाय. भोकातून खालून काहीतरी वर येतं आणि त्याच्याशी फासे खेळतं. जिंकलास तर पृथ्वीवर परत. हरलास तर दर डावाला तुझ्या आठवणीतलं एक माणूस पुसलं जाईल. तो आधी शेजारी हरतो, मग मित्र, मग बहीण. शेवटी फक्त आई उरते. माझ्या पहिल्या खर्ड्यात तो शेवटचा फासा टाकतो, हवं ते दान पडतं आणि सुटतो.

तुम्ही ते पान खाली ठेवलंत आणि म्हणालात, ‘नशिबानं जिंकला तर उद्या परत बसंल की हा.’

काका, हे वाक्य तुम्ही माझ्या घराबद्दल बोललात, आणि तुम्हाला त्याची कल्पनाही नव्हती. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. पगाराच्या दिवशी घरी यायच्या आधी आकडा लावून यायचे. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकलो. एकदा, एकदाच, त्यांची जोडी लागली. टेबलफॅन आला, आईला साडी आली, मला रंगपेटी आली. माझी पहिली रंगपेटी त्या पैशांची आहे. आम्ही बुडालो ते हरण्यानं बुडालो असं नातेवाईक म्हणतात. मला विचाराल तर त्या एका जिंकण्यानं बुडालो, कारण पुढची अकरा वर्षं वडील तोच दिवस परत आणायला घराबाहेर पडत होते. आणि मी माझ्या नायकाला तसलाच दिवस देऊन गोष्ट संपवत होतो.

मग तुम्ही मला नळराजाची गोष्ट सांगितलीत, तुमच्या वडिलांच्या कीर्तनात ऐकलेली. नळराजा मला माहीत होता, म्हणून तर मी बेहडा बघायला आलो होतो. महाभारताच्या वनपर्वात कली नळाच्या अंगात शिरतो, द्वापर फाशांत शिरतो आणि भाऊ पुष्कराबरोबरच्या द्यूतात राज्य जातं, इथपर्यंत मी वाचलं होतं. तुम्ही पुढच्या झाडापाशी थांबलात. सारथी झालेला नळ आणि ऋतुपर्ण राजा रथातून चाललेत. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा बघता बघता सांगतो, दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि 2095 फळं. नळ रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळं मोजतो. बरोबर तेवढीच भरतात. हा प्रसंग संख्याशास्त्राच्या इतिहासात सांगितला जातो, हे मी नंतर वाचलं. तुम्ही तो तराजूपाशी उभं राहून सांगितलात. नळ राजाला घोड्यांची विद्या देतो, बदल्यात फाशांची विद्या घेतो, आणि ती विद्या आल्याबरोबर कली त्याच्या अंगातून निघून त्याच बेहड्यात शिरतो. ‘नळाला नशीब नाही मिळालं, मोजायला मिळालं,’ असं तुम्ही म्हणालात. ‘तुमच्या गड्याला मोजता कधी येणार?’

आणि मग ते झालं, ज्यासाठी हे पत्र लिहितोय.

तुम्ही पोत्यातून एक ओंजळ बेहडे काढून गल्ल्याच्या फळीवर ओतलेत. राखाडी, बारीक लव असलेले, सुकून कडा आलेले. मी सगळीकडे चौकोनी, ठिपक्यांचे फासे काढले होते. जुन्या काळी हीच फळं फासे होती, मूठभर उचलायची आणि चार-चार करून मोजायची, हे तुम्ही हातांनीच दाखवलंत. चार, चार, चार. बाकी शून्य उरली तर कृत, सगळ्यात चांगलं दान. तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर. एक उरला तर कली. फळीवर पाच चौकड्या लागल्या आणि एक बेहडा उरला.

मी त्या एकाकडे बघत राहिलो. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. तुम्ही काही विचारलं नाहीत. तो बेहडा उचललात, स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकलात आणि म्हणालात, ‘कली माझ्याकडं राहू दे. तुम्ही चित्र काढा.’ मग राहिलेले वीसच तोललेत, कागदाच्या पुडीत बांधलेत आणि वीसाचेच पैसे घेतलेत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे, 34वं. त्यातला जुगारी म्हणतो की एकाने वाढलेल्या फाशापायी मी माझ्याशी प्रेमानं वागणारी बायको घालवली. तो उरलेला एक इतका जुना आहे. आमच्या घरात तो वडिलांच्या, आईच्या, सगळ्यांच्या वाट्याला आला. तो उचलून ‘माझ्याकडं राहू दे’ असं म्हणणारं माणूस आम्हाला कधी भेटलं नव्हतं.

अशी माणसं असतात, हे मी विसरत चाललो होतो. पाऊस आहे म्हणून थांब्याच्या अलीकडे म्हातारीच्या दारात एसटी हळू करणारा कंडक्टर. झेरॉक्सला दिलेली जुनी वही उलगडण्याआधी ‘पानं सुटी आहेत का’ विचारणारा पोरगा. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं आणि त्याचं कुणी नावही घेत नाही. मी घेतोय, कारण माझी 32 पानं त्यावर उभी राहिली.

काका, शेवट बदललाय. 31व्या पानावर ते बर्फाखालचं काहीतरी ओंजळ ओततं. नायक फासे हातातही घेत नाही, नुसतं बघतो आणि म्हणतो, ‘एकवीस.’ मग एक उचलून आपल्या सूटच्या खिशात टाकतो. समोर वीस राहतात, पाच चौकड्या. त्यानंतर तो डावावरून उठतो. 32व्या पानावर फक्त उठलेल्या जागेचं चित्र आहे, आणि लांबून येणारा आईचा आवाज.

तो खिसा काढताना मी तुमच्या सदऱ्याचा खिसा काढलाय, पेन अडकवलेला, शिवण थोडी उसवलेली. अंतराळातल्या सूटला तसा खिसा नसतो, मला माहीत आहे. राहू दिला.

छापून झालं की पहिली प्रत घेऊन येतो. तो बेहडा तुमच्याकडे अजून असेल तर तेव्हा मला परत द्या. आता मी सांभाळतो.

तुमचा,
फाइल घेऊन आलेला मुलगा