आई-बाबा, यंदा चांदणी लावा

ती. आई-बाबा,
सप्रेम सलाम.

परवा फोनवर अर्धंच बोलणं झालं. आई, तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. तुझं ते "बरं" मला चांगलं माहितीये, म्हणून लिहायला बसलेय. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं बोलायचं सगळं राहून जातं आणि मी जेवलीस का, गोळी घेतलीस का एवढंच विचारत बसते.

तर मी नाताळला येत नाहीये. २४ ची रात्रपाळी घेतलीये, कोणी लादली नाही, मी स्वतः नाव दिलं. इथे जर्मनीत २४ ची संध्याकाळ हाच खरा सण असतो, सगळे घरी जमतात, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज खातात, मुलं झाडाखालच्या भेटींची वाट बघतात, आणि आमच्या वॉर्डातल्या बहुतेक सिस्टरना लहान मुलं आहेत, एका केरळच्या सिस्टरचं बाळ तर अजून वर्षाचंही नाही. त्यात डिसेंबरची तिकिटं कसली महाग. शिवाय आत्ता सुट्टी नाही घेतली तर ईस्टरला मोठी मिळते, ती मंजूर झालीये, तिकीटपण काढलंय. बाबा, तुम्हीच ना संडे स्कूलमध्ये सांगायचात, बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही, २५ डिसेंबरला नाताळ पाळल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, ३३६ सालची? मग त्याच तारखेला एका ताटात जेवलो तरच नाताळ असं थोडंच आहे. मला माहितीये मी फार कारणं देतेय.

पण खरं कारण यातलं एकही नाही. खरं कारण आमचा वॉर्ड. म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड आहे हा, आणि नाताळच्या आधी ज्यांना घरी सोडता येतं त्यांना डॉक्टर सोडतात, मागे राहतात ती फार आजारी माणसं, नाहीतर ज्यांना न्यायला कोणी नाही अशी. एक आजी आहेत, नव्वदीच्या, रोज रात्री मला विचारतात आज कोणी येणार आहे का. मी म्हणते मी आहे ना. २४ ला त्यांनी हे विचारलं आणि मी तिथे नसले तर मला नगरला येऊन करंजी गोड लागली नसती.

आई, तू मिरजेला ट्रेनिंगला असताना नाताळच्या रात्री सगळ्या मुली हातात दिवे घेऊन वॉर्डावॉर्डातून गाणी म्हणत जायच्या ना? एका रात्री मला झोप येईना आणि तू माझ्या केसांत तेल घालत घालत ते सांगितलं होतंस, आणि दादा शेजारी झोपल्याचं सोंग करून ऐकत होता. तू म्हणाली होतीस की सगळ्यात सुंदर नाताळ तोच, कारण पेशंट रडत होते आणि हसतपण होते. मग मी कुठून शिकले हे?

बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय आपण दरवर्षी ऐकतो, बाबा तर बघून न वाचता म्हणतात. पण यंदा रात्रपाळी करून आल्यावर सकाळी तो वाचला आणि मेंढपाळांपाशीच थांबले. ती माणसं ड्युटीवर होती. सगळं गाव झोपलेलं, ही थंडीत जागी, मेंढरं राखत. देवदूत आधी त्यांच्याकडे आला. देवळात नाही, हेरोद राजाच्या वाड्यात नाही. आणि बाळ कुठे सापडेल तर गव्हाणीत, कारण उतारशाळेत जागा नव्हती. म्हणजे देवाने यायचं ठरवलं ते सगळं नीटनेटकं, पाहुणे आलेले, फराळ झालेला अशा घरात नाही, तर जिथे काहीच धड नव्हतं तिथे. मला याच्यावर मनापासून विश्वास आहे. आपल्या घरावरसुद्धा तो लागू आहे, हेच मला सांगायचंय.

आई, आता जे लिहितेय ते शांतपणे वाच, नको वाटलं तर बाबांना वाचून दाखवायला सांग. दादा गेला त्या पावसाळ्यानंतर आपण नाताळची कागदी चांदणी लावली नाही. पहिल्या वर्षी ते बरोबरच होतं. नंतर कोणीच विषय काढला नाही, मीपण नाही. गाणारी मुलं दारात आली की तू त्यांना खाऊ देऊन आत निघून जातेस, हे बाबांनी मला सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस. मला वाटतं तुला वाटत असणार की नाताळ सुखी घरांचा असतो. पण तू ती गोष्ट पूर्ण आठवून बघ ना. त्याच अध्यायात म्हातारा शिमोन बाळ हातात घेतो आणि त्या कोवळ्या आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. मत्तयात तर बेथलेहेमच्या बायका हेरोदाने मारलेल्या आपल्या लेकरांसाठी रडताहेत, आणि ते रडणं कोणी झाकलेलं नाही, शुभवर्तमानातच लिहून ठेवलंय. मरीयेने आपला मुलगा गमावला आई. तुझं दुःख त्या गोष्टीच्या बाहेर नाहीये, तू बाहेर उभी राहू नकोस.

आणि दादाच्या वेळी पाळकसाहेबांनी जे वाचलं होतं, पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं, की जे झोपी गेलेत त्यांच्यासाठी आपण आशा नसलेल्यांसारखं रडायचं नाही. तेव्हा मला त्या शब्दांचा राग आला होता. आता कळतं की रडू नका असं त्याने म्हटलेलंच नाही. रडायचं, पण दादा हरवला असं समजून नाही. गव्हाणीतलं बाळ पुढे कबरेतून उठलं म्हणून तर आपण त्याचा जन्म साजरा करतो, नाहीतर गरीब घरातल्या अजून एका बाळाचा वाढदिवस दोन हजार वर्षं कोणी कशाला ठेवला असता.

इथे नाताळच्या आधीच्या, आगमनाच्या चार रविवारी हिरव्या चक्रावर एकेक मेणबत्ती लावतात. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये विखर्न म्हणून एकजण गरीब मुलांची संस्था चालवायचे, तिथली मुलं रोज विचारायची नाताळ कधी, म्हणून त्यांनी जुन्या गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रोजच्या लहान लाल आणि रविवारच्या मोठ्या पांढऱ्या. आणि इथल्या खिडक्यांत कागदाचे टोकदार तारे लटकतात, ते मोरावियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत पहिल्यांदा झाले म्हणे. मी पहिल्यांदा तो तारा बघितला तेव्हा मला दादाच्या बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आठवला. त्याची चांदणी माळ्यावर आहे, जुन्या चादरीत, ट्रंकेच्या मागे. कागद फाटला असेल, कामट्या शाबूत असतील.

तर बाबा, तुम्ही स्वतः माळ्यावर चढायचं नाही, हे पहिलं. गुडघ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला पाठ आहे. शेजारच्या मुलाला बोलवा, त्याच्याकडून नवा कागद लावून घ्या, आत एलईडीचा बल्ब टाका, आणि आई, तू फक्त रंग सांग. नको वाटलं तर नको लावू, मी रागावणार नाही. पण लाव गं.

२४ च्या रात्रीच्या उपासनेला जायचं असेल तर रिक्षाने, स्कूटर अजिबात नाही, नगरची थंडी तुमच्या छातीला झेपत नाही. मफलर कपाटात खालच्या कप्प्यात आहे. आई, तू आयुष्यभर दुसऱ्यांचं बीपी बघितलंस, स्वतःचं रोज सकाळी बघ आणि वहीत लिही, मी व्हिडिओ कॉलवर वही मागणार आहे. बाबांना करंजी एकच, आणि लाडू तू लपवून ठेवशील तिथून ते शोधतात, म्हणून शेजारी ठेवायला दे. गीझरवाल्याला मी पैसे पाठवलेत, तो शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नका. माझी काळजी करू नका, खोलीत हीटर आहे, तू विणलेले मोजे ड्युटीवरपण घालते, भात रोज खाते, मसाला अजून शिल्लक आहे.

तुमची सकाळची उपासना नऊला सुरू होईल तेव्हा इथे पहाटेचे साडेचार असतील, मी वॉर्डातच असेन. बाबा, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन पेटीवर घ्या, रेकॉर्ड करून पाठवा, त्या आजींना ऐकवते. त्यांना मराठी कळणार नाही, चालेल. आणि ईस्टरला पहाटे कबरस्थानातल्या उपासनेला आपण तिघं जाऊ, दादाकडे. तोवर गुडघ्याची फिजिओथेरपी चुकवायची नाही, तिथवर चालत जायचंय आपल्याला.

तुमची,
छकुली

ता.क. बाबा, साखर तपासायची पट्टी संपली असेल तर फोनवर सांगा, "आहे आहे" म्हणू नका.