मोठ्या बाबांचे शिंगाडे

प्रिय गण्या,

दिवाळीपासून तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. कामात होतो असं सांगणार नाही. काय बोलावं तेच सुचत नव्हतं. मोठ्या बाबांनी तुला काही कळवलं नसणार, त्यांचा तो स्वभावच नाही. म्हणून मीच लिहितो. माझी शुगर आटोक्यात, आईचा गुडघा तसाच. झालं तब्येतीचं.

मोठ्या बाबांचे शिंगाडे गेले रे. अर्ध्याहून जास्त. इकॉर्निया, म्हणजे ती जलपर्णी, समजून उपटले, आणि तेही माझ्या नकाशावरून.

मी वर्षभर तलावांवर ड्रोन उडवतोय हे तुला ठाऊक आहे. वैनगंगेचा फुगवटा तू पुलावरून पाहिलास, अख्खं पात्र हिरवंगार. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोसेखुर्द धरणाच्या साचल्या पाण्यात येतं. इकॉर्नियाला आणखी काय पाहिजे? ऊब आणि खत मिळालं की पंधरवड्यात दुप्पट होतो. बी चिखलात १५-२० वर्षं जिवंत राहतं. एकदा आपल्या मालगुजारी, म्हणजे गावोगावच्या जुन्या तलावांत शिरला तर काढता काढता दोन पिढ्या जातील. म्हणून पहिला झुबका असतानाच सापडायला हवा. पाळीवर उभं राहून तो दिसत नाही, मध्ये बेशरमच्या झुडपांची भिंत. उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे तुमचं घर आणि गोठा एकाच ठिपक्यात. ड्रोनच्या चित्रात ठिपका दोन-अडीच सेंटीमीटरचा येतो, पान न् पान मोजता येतं. शिवाय त्या कॅमेऱ्याला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो. पाणी तो गिळून टाकतं, हिरवं पान परत फेकतं. पाणी काळं, पान लख्ख.

आता चूक कुठे झाली ते ऐक. संगणकाला शिकवायचं म्हणजे फोटोत झुबक्याभोवती रेघ ओढायची आणि सांगायचं, हा इकॉर्निया. मग पुढचा फोटो. अशा हजारो रेघा मी माझ्या हातानं ओढल्या, एप्रिल-मेच्या फोटोंवर. एप्रिल-मेत आपल्या तलावात शिंगाडा असतो का? रोपं तर पावसाळ्यात लागतात. त्याला शिंगाडा कधी दिसलाच नाही. ऑक्टोबरच्या फोटोंत पाण्यावर गोल गोल फुलोऱ्यासारखी पानं दिसली आणि त्यानं सगळी लाल, म्हणजे इकॉर्निया, करून टाकली. देवधानाच्या, म्हणजे तलावातल्या रानभाताच्या, कडेलाही दोन लाल डाग होते. तलाव आपला, रंग माझ्यासमोर, आणि मी नकाशा पुढे पाठवला. त्या दिवशी सात तलावांचे नकाशे द्यायचे होते. हे कारण तुला सांगतोय, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

ज्यांच्याकडे काढायचं काम होतं त्यांनी नकाशा बघून मशीन लावलं. मला तिसऱ्या दिवशी कळलं. पोचलो तेव्हा पाळीवर ढीग पडला होता. एक वेल उचलून उलटी केली, तर खाली कोवळे शिंगाडे लोंबत होते, अंगठ्याएवढे, हिरवे. एक सोलला, आत नुसतं दूध. पानाचा देठ मधोमध फुगलेला, दाबला की स्पंजासारखा. इकॉर्नियाचाही तसाच फुगतो, ते खरं. पण शिंगाड्याचं पान शंकरपाळ्यासारखं, कडेला दातेरी, पाण्यावर आडवं लोळणारं. इकॉर्नियाचं गोलसर, चकचकीत, ताठ उभं. आपल्या गावचं पाच वर्षांचं पोरगंही यात चुकत नाही.

सातवीत आपण कमळ की कुमुद यावर भांडलो होतो, आठवतं? आजीनं डोंग्यातूनच दोन पानं ओढून दाखवली. एकाला चीर, एक अखंड, आणि अखंड पानावर पाणी पाऱ्यासारखं पळालं. पैज तू हरलास. ते २ रुपये अजून यायचे आहेत, व्याज धरलं तर तुझा हिंजवडीचा फ्लॅट माझ्या नावावर होईल.

मोठ्या बाबांकडे संध्याकाळी गेलो. पाकीट पुढे केलं, त्यांनी हातही लावला नाही. बराच वेळ जाळं विणत राहिले. मग म्हणाले, "बाबू, वरतून तं सारं हिरवंच दिसन." रागावले असते तर सोपं गेलं असतं. जेवल्याशिवाय मात्र सोडलं नाही.

साकोलीच्या स्टँडवर तू म्हणाला होतास, वरून पाहून तलाव कळत नसतो. मी चिडून म्हणालो, पुण्यात बसून तरी कळतो का? दोन महिने बोललो नाही आपण. ते बोलणं मी परत घेतो. पण गण्या, तू निम्माच बरोबर होतास. त्याच उड्डाणात दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथे डोंगा जातच नाही, बेशरमच्या मागे खराखुरा इकॉर्निया सापडला. खाटेएवढाच. मी आणि मोठे बाबा दोघांनी छातीभर पाण्यात उतरून मुळासकट काढला, वर नेऊन वाळवला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यानं अर्धा तलाव झाकला असता. म्हणून हे काम मी सोडणार नाही. मात्र पाण्याखालचं गवत, ज्यात मासोळी अंडी घालते, या कॅमेऱ्याला दिसतच नाही. ते माहीत असलेलं माणूस शेजारी नसेल तर यापुढे एकही नकाशा माझ्या हातून बाहेर जाणार नाही, हे वर सांगून टाकलंय. कुरकुर झाली, होऊ दे.

तुझ्या नाशिकच्या बदलीचं काय झालं? छोटीला नवी शाळा मानवली का? वहिनींना नमस्कार सांग, आणि लोणच्याची बरणी पोचली हेही.

आता तुझ्याकडे एकच काम आहे. सगळे जुने फोटो मी पुन्हा काढून बसलोय, आणि रेघा ओढताना मला मोठी माय शेजारी हवी. कोणतं देवधान, कोणतं कमळ, कोणता शिंगाडा, तिनं बोट ठेवायचं, मी रेघ ओढायची. रोजाचे पैसे मंजूर करून घेतलेत. मंगळवारी पहाटे नवं उड्डाणही आहे. तेव्हा वारा नसतो आणि पाण्यावर उन्हाची चकाकी येत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मले का समजते कम्पुटरातलं? गण्या म्हणन तं येईन." तेव्हा सोमवारच्या आत तिला फोन कर. बाबांचे शिंगाडे मीच घालवले हे तिला माहीत आहे, त्यामुळे माझी बाजू मांडू नकोस. फक्त ये म्हणावं.

तुझा,
बाळ्या