बाटल्या धुण्यावरून

जळगाव

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. होळीपासून तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, याची मला लाज वाटते. आईचा गुडघा तसाच आहे, बाकी ठीक. आज लिहितो आहे, कारण जे घडले ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

माझ्या विद्यार्थिनीला ई. कोलाय जिवाणूत तुझा लाडका आरवायएचबी, तो छोटा आरएनए, सापडला. लोह न घातलेल्या माध्यमातील पेशींत जेलवर 90 न्यूक्लिओटाइडांची ठसठशीत पट्टी, लोह घातलेल्या पेशींत काहीच नाही. लोह असते तोवर फर प्रथिन ते धरून आरवायएचबीच्या जनुकावर ठाण मांडून ते बंद ठेवते; लोह सरले की फर सुटते, हा चिमुकला आरएनए तयार होतो, एचएफक्यू या प्रथिनाच्या कड्याच्या आधाराने लोह लागणाऱ्या प्रथिनांच्या संदेशवाहक आरएनएंशी जोडी जमवतो आणि मग आरएनएज-ई हे विकर त्या दोघांनाही तोडते. विहीर आटू लागली की आपल्याकडे केळीच्या जुन्या पिलबागेचे पाणी तोडून नवी लागवड, नवती, जगवतात, तसेच हे आहे, असे मासे आणि गॉट्समन यांचा 2002 सालचा शोधनिबंध वाचून तूच मला वसतिगृहाच्या गच्चीवर सांगितले होतेस.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मात्र पट्टी आलीच नाही. हातमोज्यांत हयगय करून तू आरएनए कुजवलास, असे मी तिला सर्वांदेखत बोललो. बापू, त्याच जेलवर रायबोसोमच्या आरएनएच्या दोन्ही पट्ट्या शाबूत होत्या! आरएनए कुजला असता तर त्या उरल्या नसत्या, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. काल कळले की त्या खेपेच्या बाटल्या बोअरच्या पाण्याने, गंजलेल्या नळाखाली धुतल्या होत्या, आणि तसे मीच सांगितले होते, कारण 45 अंशांच्या उन्हात वीज जाते आणि डिस्टिल्ड पाणी पुरत नाही. पेशींना लोह मिळत असावे. मग त्यांनी आरवायएचबी कशासाठी करावा?

काचेची भांडी आम्लात बुडवण्याच्या तुझ्या हट्टाला मी सोवळे म्हणायचो, त्यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता, आणि तरी मेसमधल्या शेवभाजीची वाटी तू माझ्याकडेच सरकवायचास. त्या भांडणात तू बरोबर होतास.

ती चार दिवस प्रयोगशाळेत आलेली नाही. बाटल्या आम्लात घातल्या आहेत, पण प्रयोग पुन्हा जमेपर्यंत थांबावे की आधीच तिच्या घरी जाऊन माफी मागावी? मला वाटते, उद्याच जावे. शिवाय माध्यमात डायपिरिडिल घालून उरलेसुरले लोह बांधून टाकावे का, तेही कळव.

धुळ्याच्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा