कानाची तपासणी गावात व्हावी, पण भरवशाची व्हावी

मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक शासन, बेंगळूरु
यांस सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील श्रवण-तपासणीत चौथीच्या एका मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते असे लिहून दिले गेले. आई-वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवून तिला बेळगावला नेले, तेव्हा ध्वनिरोधक खोलीत तिचे कान निर्दोष निघाले. तपासणाऱ्याला मी दोष देत नाही. त्या दिवशी वर्गाच्या भिंतीलगत डिझेल जनरेटर धडधडत होता.

जनरेटर, बस, पंखा यांची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती तपासणीतले २५० व ५०० हर्ट्झचे (हर्ट्झ हे स्वराची पट्टी मोजण्याचे एकक; आकडा लहान तितका स्वर खालचा) मंद स्वर झाकून टाकते. म्हणून शिबिरांत बहुधा १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवरच भागवले जाते. परंतु मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते, तेव्हा पुष्कळदा खालचेच स्वर कमी ऐकू येतात, आणि नेमके तेच आपण तपासायचे सोडून देतो.

बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहर सोडणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन अशी सलग घरघर चांगली दाबतात, आणि वरच्या स्वरांतला गोंगाट त्यांच्या जाड गाद्या बऱ्याच अंशी अडवतात. ध्वनिरोधक खोली प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला देणे शक्य नाही, हे मी जाणतो. म्हणूनच आमच्या तालुक्यातील कणकुंबी, जांबोटीसारख्या भागांतील प्राथमिक चाचणीसाठी अशी साधने द्यावीत, ही माझी विनंती आहे.

मात्र गाणी ऐकण्याचे बाजारातील हेडफोन घेऊन ही खरेदी उरकली जाऊ नये. आवाज दाबणारी यंत्रणा स्वतःची बारीक सूं-सूं निर्माण करते, आणि तिची रचना चुकली तर चाचणीचा स्वरही कमी होऊ शकतो. त्यामुळे हेडफोनचे कॅलिब्रेशन, म्हणजे ठरवलेल्या पातळीचाच स्वर त्यातून निघतो ना याची मोजणी व जुळणी, ती यंत्रणा चालू ठेवूनच झाले पाहिजे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आपल्याच राज्यात आहे. खरेदीपूर्वी तिचे मत घ्यावे. पत्र्याच्या छपरावर कोसळणाऱ्या आमच्या पावसापुढे आणि शेजारच्या वर्गातल्या पाढ्यांपुढे हे हेडफोन पुरे पडणार नाहीत, तेव्हा जून ते सप्टेंबर शिबिरे ठेवू नयेत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीची तपासणी तर पूर्वीप्रमाणे ध्वनिरोधक खोलीतच व्हावी.

जाता जाता आणखी एक. स्वर ऐकायला भाषा लागत नाही, पण ‘आवाज आला की बटण दाब’ एवढे तरी मुलाला मराठीत सांगणारे कोणी तेथे असावे. न कळलेली सूचना आणि न ऐकू आलेला स्वर कागदावर सारखेच दिसतात.

प्रत्येक मुलाच्या तपासणीच्या कागदावर त्या वेळी खोलीत किती डेसिबल आवाज होता, याची नोंद सक्तीची करावी आणि तसे परिपत्रक येत्या शैक्षणिक वर्षाआधी काढावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव