चारशेला एक कमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावरील विक्रमांच्या चौकटीत कॅलिफोर्नियातील कॉन्कॉर्ड शहरातल्या डी ला साल हायस्कूलने १९९२ ते २००३ या काळात फुटबॉलचे सलग १५१ सामने जिंकल्याचा एका ओळीचा उल्लेख वाचला. (हा फुटबॉल लांबट चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळायचा अमेरिकी खेळ, हे त्या ओळीत सांगायला हवे होते.) प्रशिक्षक बॉब लॅडुसर यांचे नाव मात्र कुठेच नव्हते, म्हणून हे पत्र.

लॅडुसर १९७९ साली वयाच्या पंचविशीत या शाळेत आले, तेव्हा पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला एकही हंगाम शाळेच्या खाती नव्हता. पुढची ३४ वर्षे ते तिथेच राहिले, वर्गात धर्मशिक्षणाचा विषय शिकवत राहिले, आणि ३९९ विजय, २५ पराभव व ३ बरोबरी एवढ्या हिशेबावर जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडले. चारशेला एक कमी असताना! आपल्याकडे एवढ्यासाठी आणखी एक हंगाम सहज काढला गेला असता, आणि सत्काराचा मांडवही पडला असता.

त्यांच्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अगदी साधी आहे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी संघ एकत्र जेवायला बसे आणि प्रत्येक मुलगा व्यायामात, सरावात व सामन्यात आपण नेमके काय करणार हे एका कार्डावर लिहून सर्वांसमोर वाचून दाखवी. ते कार्ड सरांकडे जमा होत नसे, ते एका सोबत्याच्या हाती जाई आणि शब्द पाळला की नाही याचा जाब तो सोबतीच विचारी. कोल्हापुरात मी क्रीडाशिक्षक असताना, आपल्या फुटबॉलच्या संघासाठी, वहीची अर्धी पाने फाडून हा प्रयोग एक हंगाम केला. एका बचावपटूने ‘चेंडू गेला की पंचांकडे बघणार नाही, मागे पळेन’ एवढेच लिहिले होते. ते पान ज्याच्याकडे होते त्या गोलरक्षकाने त्याला वर्षभर त्या वाक्यावरून पिडले, आणि तो खरेच पळू लागला. माझ्या ओरडण्याने ते तीन वर्षांत झाले नव्हते.

खासगी शाळा असल्याने चांगले खेळाडू लांबून तिथे येतात, अशी टीका या संघावर झाली, आणि ती अगदीच निराधार म्हणवत नाही. पण खेळाडू जमवून एखाद-दुसरे विजेतेपद मिळते, बारा हंगाम अपराजित राहता येत नाही. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांचा नुकताच शाळेतून बाहेर पडलेला, विद्यापीठात खेळायला निघालेला एक खेळाडू गोळीबारात मारला गेला आणि ४ सप्टेंबरला सिॲटलमध्ये बेलव्ह्यू हायस्कूलने ३९-२० असे हरवून ती मालिका संपवली. लॅडुसर त्यानंतरही आठ वर्षे मुख्य प्रशिक्षक होते, हे त्या १५१च्या आकड्यातून कळत नाही.

आमच्याकडे क्रीडाशिक्षकाला रिकामा तास भरायला आणि स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मोजायला बोलावतात. ते बदलणे आपल्या हाती नाही. परंतु आंतरशालेय स्पर्धांच्या निकालात विजयी शाळेच्या नावाखाली प्रशिक्षकाचे नाव आणि ते त्या शाळेत किती वर्षे आहेत, एवढी एक ओळ आपण छापू शकाल का? जागा फार लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर