'राष्ट्रीयत्व' या रकान्यापाशी थांबलेला हात: केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार
यांस सविनय नमस्कार.

मी पूर्व विदर्भातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या जूनमध्ये माझी एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली होती. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ भरून झालं आणि 'राष्ट्रीयत्व' या रकान्यापाशी तिचा हात थांबला. पर्याय दोनच, भारतीय किंवा परदेशी. भारतीय लिहावं तर पुरावा जोडायचा, आणि तिबेटी निर्वासितांना मिळणारं जे नोंदणी प्रमाणपत्र तिच्याजवळ आहे, त्यावर तर शिक्क्यानिशी 'तिबेटी' लिहिलेलं. परदेशी लिहावं तर शिष्यवृत्तीचा प्रश्नच मिटला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "मूळची कुठली तू?"

"गोठणगावची."

"तसं नाही गं. मूळची?"

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, मी इथलीच आहो ना?"

'मी आहो' हे आमच्या विदर्भाचं बोलणं आहे, साहेब. ते पुस्तकातून शिकता येत नाही, अंगणात खेळता खेळता जिभेवर बसतं. तिचा प्रश्न मी वर्गात कधीच हसण्यावारी नेला नसता. पण त्या दिवशी त्या खिडकीसमोर मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

1959 साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी कुटुंबं आली. सरकारने त्यांना जमिनी दिल्या, वसाहती उभ्या केल्या. कर्नाटकातलं बैलकुप्पे, मुंडगोड, छत्तीसगडमधलं मैनपाट ही नावं अनेकांना ठाऊक असतात. महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे, हे मात्र मराठी माणसालाच फारसं माहीत नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावात, 1972 पासून. हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटरची दुकानं मांडून बसणाऱ्या बायकांकडून आपण सगळ्यांनी कधी ना कधी लोकर घेतली आहे. त्यांच्या मुलांचा जन्म कुठे झाला, हे कुणी विचारलेलं नसतं. माझ्या विद्यार्थिनीची आई त्यांतलीच. तिचा जन्म 1979 चा, याच वसाहतीतला. वडील 1976 चे, जन्म बैलकुप्पेचा.

आता कायदा पाहा. नागरिकत्व कायदा 1955 चं कलम 3 सांगतं की 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत जो कुणी भारतात जन्मला, तो जन्माने भारतीय. आईवडील कुठले, याचा संबंध नाही. तिबेटींनाही हे लागू होतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये सांगितलं. निवडणूक आयोगाने 2014 मध्ये अशांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. म्हणजे तिची आई भारतीय आहे आणि वडीलही. डिसेंबर 2004 नंतर इथे जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघेही भारतीय असतील, तर ते मूल जन्मतःच भारतीय. मुलगी 2005 ची आहे. माझ्या वाचनाप्रमाणे तिला कुणी नागरिकत्व द्यायचं उरलेलंच नाही. ते तिचं आहेच. नाही तो फक्त कागद.

मग आईवडिलांनी पासपोर्ट का काढला नाही? मीही हेच विचारलं होतं. 2017 साली पासपोर्ट मागणाऱ्या तिबेटींना अट घातली गेली की नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहतीत राहू नका, तिथल्या सवलती सोडा. ती धास्ती वसाहतीतून अजून गेलेली नाही. ज्या घरात मूल जन्मलं ते घर सोडल्यावर ते भारतीय ठरणार, ही कुठली रीत? वसाहत भारतातच आहे ना?

तिच्या आजोबांना मात्र नागरिकत्व नकोच आहे. त्यांचं नोंदणी प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत. ते सोडलं तर परतीची वाट सोडल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं. त्या भावनेपुढे मी मान झुकवते, आणि सरकारनेही झुकवावी. पण आजोबांचा निर्णय नातीवर लादला जाऊ नये, आणि नातीने भारतीय होणं म्हणजे आजोबांना पाठ दाखवणं, असंही तिला कुणी वाटायला लावू नये. तिच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नाही. ते आपल्या अर्जात आहे.

2020 च्या ऑगस्टअखेर लडाखमध्ये सुरुंगाच्या स्फोटात स्पेशल फ्रंटियर फोर्स या भारताच्या विशेष दलाचे एक तिबेटी अधिकारी शहीद झाले. लेहमधल्या त्यांच्या अंत्यसंस्काराचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. शवपेटीवर तिरंगा होता आणि तिबेटचा ध्वजही. तेव्हा कुणीही म्हणालं नाही की दोहोंतला एक काढा.

माझी मागणी मोठी नाही. 1987 पूर्वी इथे जन्मलेल्या तिबेटी आईवडिलांच्या मुलांना नागरिकत्वाचा पुरावा कसा मिळेल, हे आपल्या मंत्रालयाने एका साध्या परिपत्रकात सांगावं. वसाहत सोडण्याची सक्ती नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहावं आणि ते जिल्हा पोलीस कार्यालयांपासून महाविद्यालयांपर्यंत पोहोचवावं. ज्यांचे आईवडील मागाहून आले, त्या मुलांसाठी आजच्या कायद्यात अशी वाट नाही. तिथे कायदाच बदलावा लागेल. ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात जन्मलेलं मूल वयाची पहिली दहा वर्षं तिथेच वाढलं, तर आईवडील कुठलेही असोत, त्याला तिथलं नागरिकत्व मिळू शकतं. बालपण कुठे गेलं याला तिथला कायदा किंमत देतो. आपणही द्यावी.

तो अर्ज तिने त्या दिवशी भरला नाही. मुदत संपली, फी मी आणि दोन सहकाऱ्यांनी मिळून भरली. यंदा ती शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला बी.एड. करायचं आहे, मराठी विषय घेऊन. प्रवेशाचे अर्ज सुरू होतील तेव्हा तोच रकाना पुन्हा समोर येईल. त्याआधी आपलं परिपत्रक निघावं, एवढीच विनंती.

आपली नम्र,
एक मराठीची प्राध्यापिका