माझ्या अंत्यविधीविषयी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

विषय वाचून घाबरू नकोस. माझी प्रकृती ठणठणीत आहे, आणि म्हणूनच हे आत्ता लिहिते आहे. माणूस गेल्यावर पहिल्या काही तासांत घरच्यांना भराभर निर्णय घ्यावे लागतात, तेही मन थाऱ्यावर नसताना. 'एवढे तरी करायलाच हवे' असे कोणी म्हटले की नकार देणे म्हणजे माया कमी पडली असे वाटते आणि आपण मान हलवतो. खर्च वाढतो तो बहुतेक वेळा या संकोचापायी. म्हणून जे नको ते मीच सांगते: सजवलेले वाहन नको, फुलांची आरास नको, वर्तमानपत्रात मोठी जाहिरात नको. दहन साधेपणाने व्हावे. तुमच्यापैकी कोणी पोहोचायचे असेल तर एक-दोन दिवसांसाठी शीतपेटी पुरते. रसायने भरून देह टिकवण्याची गरज नसते.

पैशांचे बोलणे तू करू नकोस, ते मामाकडे सोपव. सगळ्याचा मिळून एकच आकडा कोणी सांगितला, तर त्याने प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहून मागावा आणि नको ते वगळावे. यात ओशाळण्यासारखे काही नाही. अमेरिकेत तर १९८४ पासून असा तपशील देणे नियमानेच बंधनकारक आहे. माझ्या एकटीच्या नावावरचे खाते बँकेला कळताच गोठवले जाईल, म्हणून या खर्चापुरती रक्कम आपल्या संयुक्त खात्यात ठेवली आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मात्र जास्तीच्या घे. बँक, विमा, निवृत्तिवेतन, सगळीकडे लागतात.

एका गोष्टीत हयगय नको. माझे डोळे द्यायचे आहेत आणि त्यासाठी हातात काही तासच असतात. नेत्रपेढीला लगेच फोन कर, पंखा बंद कर, माझ्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेव आणि डोक्याखाली उशी दे. याला एक पैसाही लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे काम हेच.

स्मरणसभा त्याच आठवड्यात उरकण्याची घाई करू नका. महिन्याभराने, सगळ्यांना सवड असेल तेव्हा, घरीच जमा. भाषणे ठरवू नका. ज्याला जे आठवेल ते त्याने सांगावे, माझ्या चुकाही सांगाव्यात, कारण नुसती स्तुती ऐकून माणूस आठवत नाही. माझ्या विद्यार्थिनींना आवर्जून बोलाव. कपाटावरची पेटी खाली काढून कोणालातरी वाजवू दे; तिची काळी दोन अडकते, तेवढी आधी दुरुस्त करून घे. सभेसाठी खर्च करायचाच असेल तर तो या दुरुस्तीवर कर.

मृत्युपत्र बहुधा सगळे आटोपल्यावर उघडले जाते, म्हणून हे त्यात न लिहिता वेगळे लिहिले आहे. याची एक प्रत तुझ्या भावाला पाठवते आहे, दुसरी मामाकडे राहील. तुम्हा दोघांनाही निरोपाची स्वतःची अशी काही कल्पना असणार, आणि विधी शेवटी मागे राहणाऱ्यांसाठीच असतो. तेव्हा यातले जे पटत नसेल ते पुढच्या भेटीत मोकळेपणाने सांगा, मी त्याप्रमाणे पत्र बदलेन.

तुझी,
आई